उलटा धरलेला कॅमेरा

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात त्र्यंबक भारंबे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ‘फोटो सार’, म्हणजे फोटोवाले सर, म्हटलं की मात्र गेटवरच्या पहारेकऱ्यापासून वरच्या साहेबांपर्यंत सगळे ओळखायचे. तमीळ जिभेवर त्र्यंबक बसत नाही आणि भारंबेचं बारंबै होऊन जातं. त्यांनीही कधी ते दुरुस्त करत बसायची खटपट केली नाही.

जळगावकडच्या वरणगावहून ते बदलून इथे आले, तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती. कारखान्यात रणगाड्यांचे भाग तयार व्हायचे आणि फोटो विभाग म्हणून दोन खोल्या होत्या. तिथे त्यांचं काम दोन प्रकारचं. एक म्हणजे मोडलेल्या वस्तूंचे फोटो: तडा गेलेलं दातेरी चाक, जळून काळी पडलेली मोटार, चाचणीत निखळलेला सांधा. चौकशीच्या कागदांना हे फोटो जोडले जात. दुसरं काम महिन्याच्या शेवटच्या दिवशी. त्या दिवशी जे कोणी निवृत्त होत, त्यांचा शाल आणि हार घातलेला फोटो काढायचा, शेजारी बायको किंवा नवरा.

हा दुसरा फोटो काढताना ते कुणाला हसायला सांगत नसत. कॅमेरा डोळ्याला लावून नुसते उभे राहत. समोरचा माणूस आधी ताठ बसायचा, मग ताठ बसून कंटाळायचा, शाल सावरायचा, बायकोकडे बघून काहीतरी पुटपुटायचा. तेवढ्यात बटण दाबलं जायचं. आवडी, अंबत्तूर, पट्टाभिराम या भागात किती घरांच्या दर्शनी खोलीत त्यांनी काढलेला फोटो लावलेला असेल, कुणास ठाऊक.

सत्तावन्नाव्या वर्षी, एका साध्या मंगळवारी, ते कारखान्याच्या भट्टी विभागात तुटलेल्या आसाचा फोटो काढत होते. कॅमेरा हातातून सुटला आणि सिमेंटच्या जमिनीवर आपटला. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून कॅमेरा कधी पडला नव्हता. त्यांना भयंकर लाज वाटली. फोरमनला ते सांगू लागले की माझी चूक झाली, मी लिहून देतो. फोरमनला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, कारण तोंडातून शब्द येत नव्हते, नुसते आवाज येत होते. मग त्यांचा उजवा पाय वाकला, आणि लोकांनी धरायच्या आत ते कॅमेऱ्याशेजारी बसले ते बसलेच.

अर्धांगवायू उजव्या अंगावर होता. काही आठवड्यांनी बोलणं परत आलं, सावकाश, शब्द शोधत शोधत. पाय काठीच्या आधाराने चालू लागला. हात मात्र आला नाही. उजव्या हाताची बोटं आत वळून मुठीसारखी घट्ट झाली होती. रोज सकाळी विद्युलताबाई, त्यांची बायको, ती बोटं एकेक करून उघडायच्या, तेल लावायच्या, आणि हात सोडला की ती पुन्हा मिटायची.

विद्युलताबाई हट्टी बाई. चेन्नईत आल्यावर भाजीवाल्यांशी भांडून भांडून त्या तमीळ शिकल्या, नवऱ्यापेक्षा चांगली. फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये रम्या नावाची तरुण मुलगी भारंब्यांना व्यायाम शिकवायची. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की डाव्या हाताने सगळं उरकायची सवय लावू देऊ नका, उजव्याला काम द्या. विद्युलताबाईंनी ते मनावर घेतलं. जेवताना त्या डाव्या हातातला चमचा काढून घ्यायच्या आणि उजव्या मुठीत बसवायच्या. भात सांडायचा. त्या पुसून घ्यायच्या.

सहा-सात महिन्यांनी भारंबे कामावर हजर झाले. त्यांना स्टोअरमध्ये खुर्ची दिली. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते काठी टेकत फोटो विभागात गेले. तिथे आता त्यांचा जुना सहायक गुंडो बसत होता. मूळचा धारवाडकडचा, मराठी बऱ्यापैकी बोलणारा. त्याने न विचारताच कपाटातून कॅमेरा काढून समोर ठेवला. लेन्ससकट दीड किलोच्या आसपास वजन. भारंब्यांनी डाव्या हाताने तो उचलला. उचलता आला, पण बटण पलीकडच्या बाजूला, उजव्या तर्जनीखाली. जगातले सगळे कॅमेरे उजव्या हातासाठी केलेले असतात, हे त्यांना तोवर कधी जाणवलंच नव्हतं. डावा हात वरून पलीकडे नेऊन बटणापर्यंत बोट पोचवलं, तर कॅमेरा धरायला हात उरला नाही.

गुंडोने तिवई आणली, लांबून बटण दाबायची वायर जोडली.

“सर, असं जमेल की.”

भारंब्यांनी टेबलावरच्या स्टेपलरचा फोटो काढला. जमलं. मग गुंडोला समोर बसवलं. गुंडो बसला, तिवईकडे बघत राहिला. भारंबे बाजूला वायर घेऊन उभे. बराच वेळ गेला.

“वस्तूंना ठीक आहे हे,” ते म्हणाले. “माणसाला... नाही.” आणि वायर ठेवून परत स्टोअरमध्ये गेले.

त्यांची मुलगी ऋजुता चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीला, एका कंपनीत होती, तिकडेच मैत्रिणींबरोबर राहायची, शनिवारी घरी यायची. तिने त्यांना स्वतःचा फोन दिला. एका हातात मावतो, वजन काही नाही, बटण कुठेही. त्यांनी प्रयत्न केला. पण फोन लांब धरायला लागतो आणि लांब धरलेला एकटा हात थरथरतो. शिवाय आजारानंतर त्यांचं डोकं हलत्या पडद्याला सोसेनासं झालं होतं. फोन फिरवला की पडद्यावरचं चित्र क्षणभर मागे राहायचं आणि मग धावत यायचं. त्यांना मळमळायचं.

“डोळ्याला लावायचा हवा,” त्यांनी समजावून सांगितलं. “कपाळाला टेकला की हात हलत नाही. आणि आत काच हवी. पडदा नको.”

ऋजुता अभ्यासाला बसावं तशी बसली. हलके कॅमेरे कोणते, लोकांना छोट्या कॅमेऱ्यात काय हवं असतं, यावर तिने कितीतरी वाचून काढलं. कुणाला प्रवासात खांदा दुखायला नको होता, कुणाला डोंगर चढायचा होता, कुणाला रस्त्यात लोकांच्या लक्षात न येता फोटो काढायचे होते. एका हाताच्या माणसाला काय हवं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

एका शनिवारी ती त्यांना टी. नगरच्या बाजारात घेऊन गेली. दुकान वरच्या मजल्यावर, खाली साड्यांच्या दुकानांची गर्दी. जिना चढायला त्यांना बराच वेळ लागला, आणि गर्दीतल्या बायका हातातल्या पिशव्या सावरत वाट देत राहिल्या. दुकानदार भला होता. त्याने नवीन कॅमेरे दाखवले, सगळे आत पडदा असलेले, छोटे आणि हलके. भारंब्यांनी एकेक डोळ्याला लावला आणि खाली ठेवला.

“आत आरसा असलेला, काचेतून बघायचा, आता कोणी मागत नाही सार,” दुकानदार तमीळमध्ये म्हणाला. “छोटा हवा असणारे हेच घेतात.”

“जुना असेल तर दाखवा,” ऋजुता म्हणाली.

त्याने आतून एक आणला. कुणीतरी विकलेला, कोपऱ्यात थोडा घासलेला, आरशाच्या जातीतला म्हणाल तर फारच लहान. पुढे बिस्किटाएवढी चपटी लेन्स, पुढे-मागे न होणारी. भारंब्यांनी तो तळहातावर ठेवला. वजन होतं, पण जेवणाच्या डब्याएवढंच वाटलं. डोळ्याला लावला. आत काच होती, काचेत दुकान होतं, आणि दुकानाबाहेरच्या ऊन पडलेल्या गच्चीवर वाळत टाकलेलं लुगडं वाऱ्याने हलत होतं. ते जसं हलत होतं तसंच दिसत होतं.

पण बटण पलीकडेच.

मग त्यांनी कॅमेरा खाली घेतला, हातात हळूहळू फिरवला आणि पूर्ण उलटा केला, डोकं खाली, बूड वर. आता पकडीचा फुगीर भाग डाव्या बाजूला आला आणि बटण खाली, डाव्या अंगठ्याशी. तसाच डोळ्याला लावला. कॅमेऱ्याची सपाट पाठ कपाळाला टेकली. आतलं चित्र सरळच होतं. काचेला उलट-सुलट कळत नाही. कडेचे आकडे तेवढे डोक्यावर उभे होते. त्यांनी अंगठा दाबला. खट्.

“बाबा, फोटो उलटे येतील,” ऋजुता म्हणाली.

“तू सरळ कर.”

दुकानदाराकडे वळून तिने हाच द्या म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर विद्युलताबाईंनी पिशवीतून कॅमेरा काढला, पाहिला. ऋजुताने मोठ्या उत्साहाने तो कसा धरायचा ते करून दाखवलं. बाईंनी ऐकून घेतलं.

“म्हणजे डाव्या हाताने,” त्या म्हणाल्या.

“हो, अंगठ्याने.”

“आणि उजव्याचं काय?”

बाईंनी कॅमेरा परत पिशवीत घातला, पिशवी गोदरेजच्या कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली.

“अहो, आधी हात. हात आला की मी स्वतः काढून देईन.”

भारंबे वाद घालणाऱ्यातले नव्हते, आणि आता तर वादाला लागतात तितके शब्दही त्यांच्याकडे वेळेवर यायचे नाहीत. खरं म्हणजे हात येणार नाही हे त्यांना कळलेलं होतं. कॅमेरा उलटा केला तेव्हाच त्यांनी ते मान्य केलं होतं. बायकोने अजून मान्य केलेलं नव्हतं, आणि तिच्याकडून ते घाईने करून घ्यायचा त्यांना अधिकार नव्हता. सकाळी ती बोटं उघडायची तेव्हा ते हात पुढे करायचे.

फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये त्यांना अनंतराव भेटले. पंचाहत्तरीचे, बँकेतून निवृत्त, राहायला विल्लिवाक्कमला. भारंबे नवराबायको मराठीत बोलताना ऐकून ते आपल्या खुर्चीतून वळले.

“तुम्ही महाराष्ट्रांतले की? अम्ही तंजाऊरचे. अमचें मराठी ऐकून हसूं नका हो.”

हसायचं काही नव्हतं. ते मराठी पोथीतल्यासारखं होतं आणि चाल मात्र तमीळ, शेवटाला उंच जाणारी. अनंतरावांचं डावं अंग गेलेलं होतं, त्यांनाही वर्ष होत आलं होतं. तोंडाची डावी बाजू खाली ओढलेली, डावा डोळा अर्धा मिटलेला. त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई रुमाल घेऊन शेजारी बसायच्या आणि ओठाच्या कोपऱ्यातून आलेली लाळ कुणाच्या लक्षात यायच्या आत टिपायच्या. विद्युलताबाई त्यांना मामी म्हणू लागल्या. नवरे दोऱ्या ओढायचे, चेंडू दाबायचे, आणि या दोघी बाकावर बसून कुणाचं किती सुधारलं ते बोलायच्या.

एका सकाळी अनंतराव आले ते व्यायामाला उठलेच नाहीत. रम्याने दोनदा हाक मारली. ते भिंतीकडे बघत बसून राहिले. मग रत्नप्रभाबाईंनी सांगितलं. अपंगत्वाच्या सरकारी कार्डासाठी फोटो लागत होता, म्हणून मुरलीने, त्यांच्या मुलाने, येऊन त्यांना घराजवळच्या एका स्टुडिओत नेलं होतं. मुरली होसूरला नोकरीला होता, सवडीने यायचा.

“स्टुडिओवाला म्हणतो, तोंड सरळ करा सार,” अनंतराव स्वतःच बोलले. “पुन्हां म्हणतो, सार, थोडें सरळ. सरळ होत असतें तर मी तेथें कशास गेलों असतों?”

ते रडत नव्हते, पण एका डोळ्यातून पाणी येत होतं, आणि त्यांना ते पुसायचंही सुचत नव्हतं. स्टुडिओवाल्याने पुढे त्यांचा फोटो कॉम्प्युटरवर घेऊन ओढलेली बाजू नीट करून दिली होती. मुरलीला तो आवडला. अनंतरावांनी तो हातात घेतला आणि विचारलं, हा कोण? मग फाडून टाकला.

त्या दिवशी परतताना लोकल ट्रेनमध्ये विद्युलताबाई स्टेशनं मोजत बसल्या. कोरट्टूर गेलं, अंबत्तूर गेलं. घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, स्वयंपाक केला, नवऱ्याला जेवायला वाढलं. चमचा उचलला, त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि तो त्यांच्या डाव्या हातात दिला. त्या दिवशी भात सांडला नाही. जेवण झाल्यावर त्यांनी कपाट उघडलं.

“उद्या हे बरोबर घ्या,” त्या म्हणाल्या. “बॅटरी भरायची असते ना? कशी भरायची ते सांगा मला.”

आणि मग स्वयंपाकघरात जाऊन त्या बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. भारंबे आत गेले नाहीत. वर्षभर त्या बाईने एक आशा धरून ठेवली होती, आणि तिला ती एकटीनेच खाली ठेवायची होती.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या खिडकीशी अनंतरावांना बसवलं. मागे पांढरं हवं म्हणून रम्या आणि विद्युलताबाईंनी एक चादर दोन टोकांनी धरली. भारंबे समोर स्टुलावर बसले. काठी भिंतीला टेकवली, कोपर पोटाशी घट्ट घेतलं, कॅमेरा उलटा करून कपाळाला लावला.

“आतां काय करूं?” अनंतरावांनी विचारलं.

“काही नाही. बसा.”

अनंतराव बसले. सवयीने त्यांनी चांगली बाजू पुढे करायला मान वळवली, मग कार्डाला समोरचा चेहरा लागतो हे आठवून परत सरळ केली. ओठ आवळायचा प्रयत्न केला. तो जमला नाही. ओठ पुन्हा ओघळला. रत्नप्रभाबाई रुमाल घेऊन पुढे झाल्या आणि मागे सरल्या. भारंबे हलले नाहीत. त्यांच्याही हाताला रग लागत होती, पण कॅमेरा एवढासा होता की ती सोसता येत होती. मोठा असता तर एव्हाना खाली आला असता.

शेवटी अनंतरावांचं स्वतःच्या तोंडावरचं लक्ष उडालं. समोरच्या माणसाने कॅमेरा उलटा का धरला आहे, हे ते निरखून बघू लागले. उजवा डोळा जागा झाला, मग अर्धा मिटलेला डावाही किंचित उचलला गेला.

“भारंबे, तुम्ही तो तळीं-वर...”

खट्.

फोटो पहिला तिरका आला होता, दुसऱ्यात चादरीची घडी दिसत होती. तिसरा कार्डाला चालला. ऋजुताने तो सरळ करून छापून आणला. अनंतरावांनी तो हातात घेऊन चष्म्यातून पाहिला. ओठ ओढलेलाच होता. डोळा लहानच होता. पण फोटोतून जो माणूस बघत होता तो ते स्वतःच होते.

“हा मी,” ते म्हणाले, आणि फोटो बायकोकडे दिला.

त्यानंतर हॉलमधले आणखी काही जण आले. तमीळमध्ये फोटो काढत नाहीत, धरतात. रत्नप्रभाबाई त्याचं मराठी करून सांगायच्या की यांचाही एक पट, म्हणजे फोटो, धरा. रिक्षावाला असायचा, शाळेतली शिक्षिका असायची, कुणाला कार्डासाठी हवा असायचा, कुणाला नुसताच. आजारी पडल्यापासून यांच्यापैकी कुणाचा फोटो कुणी काढलेला नव्हता. घरच्या समारंभात त्यांना कडेला बसवत. भारंबे कुणाचा फोटो पटकन काढत नसत, आणि पटकन काढता येतही नव्हता. कधी अंगठा घसरायचा, कधी डोक्याचा वरचा भाग कापला जायचा. जुन्या दिवसांतलं काम त्यांना आठवायचं आणि जे येत होतं ते त्याच्या जवळपासही नव्हतं. ऋजुता कौतुक करायला लागली की ते हाताने थांबवायचे.

ते स्वतः निवृत्त झाले तेव्हा गुंडोने त्यांचा फोटो काढला. शाल, हार, शेजारी विद्युलताबाई. साहेबांचं भाषण चालू असताना भारंब्यांनी मांडीवरच्या पिशवीतून छोटा कॅमेरा काढला, उलटा केला आणि समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या लोकांकडे धरला. त्यातल्या पुष्कळांना त्यांनी तरुणपणी पाहिलेलं होतं. फोटोत डावीकडच्या दोन रांगा आल्याच नाहीत. तो त्यांनी तसाच ठेवला.

अनंतराव त्यानंतर वर्षभर होते. दुसरा झटका आला, तो त्यांना घेऊनच गेला. भारंबे नवराबायको विल्लिवाक्कमला पोचले, तेव्हा मुरली होसूरहून आलेला होता आणि सगळं तोच बघत होता. कुणाला दोष द्यावा असं काही त्याच्याकडून झालं नाही. वडिलांचं सगळं त्याने रीतसर केलं.

तेराव्याला हे दोघं पुन्हा गेले. जेवणं उरकली होती. पुढच्या खोलीत फोटो लावायचा होता, आणि त्यावरून आत काहीतरी चाललं होतं. मुरली बाहेर आला. त्याच्या हातात बँकेतला जुना फोटो मोठा करून आणलेला होता. कोट, टाय, काळे केस, रुबाबदार माणूस.

“अंकल, तुम्हीच अम्माला सांगा,” तो म्हणाला. मराठी त्याला जड जायचं, पण त्याने मराठीतच बोलायचा प्रयत्न केला. “अप्पा असे होते. आजारी फोटो भिंतीवर कसाला? येणारे लोक काय बघणार?”

रत्नप्रभाबाई त्याच्या मागून आल्या. त्यांच्या हातात कार्डासाठी काढलेला फोटो होता, त्यांनी शेजाऱ्याकडून मोठा करून घेतलेला.

“तो चांगला आहे,” त्या मुलाच्या हातातल्या फोटोकडे बघत म्हणाल्या. “तो तूं तुझ्या घरीं लाव. तूं त्यांना तसे पाहिलेस, तुला तसे आठवूं देत.”

“अम्मा, पण...”

“मुरली, चार वर्षें मी ह्या तोंडांत घांस घातला. रात्रीं ह्याच तोंडानें ते माझ्याशीं बोलत. तुम्हां सगळ्यांना तें वांकडें दिसतें. मला आतां वेगळें आठवतच नाहीं रे. तो कोटवाला माणूस भिंतीवर ठेवलास तर मी रोज कुणाला नमस्कार करूं?”

मुरलीने दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून पाहिले. मग तो आत जाऊन स्टूल घेऊन आला, आणि खिळ्यावर आईने आणलेला फोटो लावला. हार घालताना त्याने मान फिरवली होती.

भारंबे खुर्चीत बसून वर बघत होते. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यांनी नंतरही कुणाला सांगितलं नाही. विद्युलताबाईंना एवढंच दिसलं की त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात मांडीवरून उचलला आणि खुर्चीच्या हातावर, सगळ्यांना दिसेल असा, ठेवला. एरवी ते तो सदऱ्याखाली झाकायचे.

निघायच्या वेळी रत्नप्रभाबाई दाराशी आल्या.

“ती मशीन आणलीत का?”

पिशवीत होती. विद्युलताबाईंनी होकार दिला.

“मग माझाही एक धरून जा. हे गेले, उद्यां मी जाईन. ह्या पोरानें पुन्हां कोठला तरी लग्नांतला पट शोधीत बसूं नये.”

“अम्मा, आज नको,” मुरली म्हणाला.

“आजच. आज मी जशी आहें तशी आहें.”

त्या खिडकीजवळच्या बाकावर बसल्या. केस नीट केले नाहीत, पदर तेवढा सारखा केला. तेरा दिवसांची जागरणं चेहऱ्यावर होती. भारंब्यांनी काठी विद्युलताबाईंकडे दिली, समोर बसले, कॅमेरा उलटा करून कपाळाला टेकवला. बाहेर भांडी घासणाऱ्या बायकांचा आवाज येत होता. रत्नप्रभाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग नजर खाली मांडीवर गेली. चार वर्षांची सवय, रुमाल हातात होताच. त्यांनी त्याची घडी केली, पुन्हा उलगडली, आणि आता त्याचं काय करायचं ते न कळून बोटं थांबली. त्यांनी मान वर केली.

अंगठ्याने बटण दाबलं.

“झाला?” त्यांनी विचारलं.

“अजून एक घेतो,” भारंबे म्हणाले. “हात हलला माझा.”

“घ्या, घ्या. मला कोठें जायचें आहे?”

ते पुन्हा कॅमेरा लावून बसले. मुरली दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. या वेळी बराच वेळ लागला, आणि कुणी घाई केली नाही.